खळ दिलेली कानपट्टी

आमच्या घरात कुठलंही लग्न जमलं की कुणीतरी ती गोष्ट सांगतंच. माझ्या सासूबाई बुऱ्हाणपूरला माझ्या मोठ्या चुलतबहिणीला पाहायला आल्या, तिथे त्यांनी एक लोकरीची कानपट्टी पाहिली, पट्टीवर भाळल्या, आणि जिने ती विणली तिलाच सून करून घेऊन गेल्या. ऐकणारे हसतात. नव्या नवरीला सांगतात, बघ, हातात कला असली की असं होतं. मी तिथेच भिंतीला टेकून बसलेली असते, माझं डोकं फिरलेलं असतं, आणि कुणी म्हणून मला विचारत नाही की बाई, तुला यात काय गोड वाटतं. तर आता न विचारता सांगते.

ती पट्टी मी कुणाला भाळवायला विणली नव्हती. मी ती खंडव्याला जायला विणली होती.

नवं राज्य झालं त्या सालची ही गोष्ट. तोवर आमचं गाव नागपूरकडे तोंड करून बसलेलं. मग कळलं की आता भोपाळकडे तोंड करायचं. इंदूर, ग्वाल्हेर, भोपाळ, सगळे आपल्यात आणि आपण त्यांच्यात. बाबा कापडाच्या गिरणीत कारकून होते, ते रोज सकाळी हिंदी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लागले, सराव म्हणून. काकांचं कापडाचं दुकान होतं, त्यांना चिंता पडली की दुकानाची पाटी बदलावी लागते की काय. आणि माझ्या काकूने त्या सगळ्या उलथापालथीतून एकच अर्थ काढला, तो म्हणजे इंदूरची स्थळं आता आपल्याच राज्यातली झाली.

मीही एकच अर्थ काढला होता. मी तेव्हा नुकतीच मॅट्रिक झालेली. शाळेच्या मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं होतं की आता खेडोपाडी शाळा निघणार, बायका शिक्षिका लागणार, खंडव्याला ट्रेनिंग आहे. संक्रांतीनंतर मुलाखती होत्या. सोबत स्वतःच्या हातचं एक शिवणकाम आणि एक लोकरीचं काम न्यायचं. ते नसेल तर आत घेत नाहीत, असं बाईंनी बजावून सांगितलं. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मी बाबांच्या मागे भुणभुण लावली. शेवटी ते म्हणाले, "बरं बापा. तुझं ते काम पुरं कर, मी स्वतः नेतो तुला खंडव्याला." आमच्या घरातली एकही बाई तोवर पगाराचं काम करायला उंबरा ओलांडून गेलेली नव्हती. त्यामुळे बाबांचं ते वाक्य मी दिवसातून कितीतरी वेळा मनात म्हणून पाहायची.

झंपर तर मी शिवून ठेवलाच होता. घोडं अडलं ते लोकरीपाशी. बुऱ्हाणपूर हे सुताचं गाव, घरोघरी कापड, गल्लोगल्ली माग. लोकर म्हणजे आम्हाला पाहुणी. पौषात तापीवरून वारा सुटला की माणसं उपरण्याने कान बांधतात आणि संक्रांत सरली की सोडतात, एवढीच आमची थंडी. विणायच्या सुया मी पहिल्यांदा पाहिल्या त्या मासीकडे. आम्ही सिंधीपुऱ्यात राहायचो. हे नाव फार जुनं, फाळणीशी त्याचा काही संबंध नाही, पण फाळणीनंतर आलेलं एक सिंधी कुटुंब नेमकं आमच्या मागच्या गल्लीत येऊन राहिलं. त्या घरातली बाई ती मासी. तिचा नवरा हातगाडीवर बटणं, लेस आणि थोडी लोकर विकायचा. मासी दारात बसून दिवसभर बोलत असायची आणि सुयांकडे ढुंकून न बघता विणत असायची. तिला मराठी येत नव्हतं, मला सिंधी येत नव्हतं, दोघींचं हिंदी सारखंच मोडकं. ती ज्याला फंदा म्हणायची त्याला मी टाका म्हणायची, आणि आमचं छान चालायचं.

कानपट्टी विण, असं मासीनेच सुचवलं. स्वेटर होईल इतकी लोकर कुठून आणणार? पट्टीला थोडीच लागते. चार बोटं रुंद होईल इतके टाके सुईवर घालायचे, मग एक सुलट, एक उलट, असं ओळ संपेपर्यंत. पुढच्या ओळीत सुलटावर सुलट यायला हवा, उलटावर उलट. म्हणजे पट्टी ताणली की पसरते आणि सोडली की पुन्हा डोक्याला धरून बसते. डोक्याभोवती येईल इतकी लांब झाली की टाके बंद करून दोन्ही टोकं जोडायची. झाली पट्टी. ऐकायला सोपं आहे, पण एक टाका चुकला की ती चूक शेवटपर्यंत तोंड वर करून बघत राहते.

माझा त्रास वेगळाच होता. माझे टाके इतके घट्ट यायचे की सुई आत शिरेना. मासी म्हणायची, "बेटी, फंदा ढीला रख. तू तो गुस्सा बुन रही है." राग येणार नाही तर काय. घरी विणायला बसले की काकू येता-जाता बोलायची, "आली मोठी मास्तरीण." मी कुणाचा हिशोब सुधारला, कुणाला वर्तमानपत्र वाचून दाखवलं, चहात साखर जास्त झाली म्हटलं, तरी तेच. आली मोठी मास्तरीण. आणि वर सगळ्यांकडे बघून हसायची. त्या शब्दाची मला इतकी चीड होती की मी दात आवळून विणायची आणि पट्टी दोरखंडासारखी कडक व्हायची. मग उसवायची, मग पुन्हा घालायची. शेवटी जमली. मऊ नाही म्हणणार मी, पण एकसारखी. डाळिंबी रंगाची. मासीच्या नवऱ्याकडच्या त्या रंगाच्या शेवटच्या लडी मीच संपवल्या.

सजवायची वेळ आली तेव्हा मासी म्हणाली, गुलाब काढ. मी म्हटलं, गुलाब सगळ्याच काढतील. मी कपाशीचं फूल काढलं. पिवळ्या पाकळ्या, आत गळ्याशी गडद लाल डाग, बाजूला एक हिरवं पान. आमच्याकडे शेतात ज्याने कपाशी पाहिली आहे त्याला ते फूल ओळखायला वेळ लागत नाही. पट्टी मी झंपराच्या घडीत गुंडाळून माझ्या पेटीत ठेवली आणि बाबांना सांगितलं, काम पुरं झालं. बाबा म्हणाले, "झालं ना? मग जाऊ." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही इतका आनंद झाला होता.

आता ताईचं सांगते. ताई म्हणजे काकूची मुलगी, माझी चुलतबहीण. माझ्याहून थोडी मोठी, पण मॅट्रिक आम्ही बरोबरच झालो. गोरी, शांत, स्वयंपाकात हुशार, आणि हातात सुई दिली की घाम फुटणारी. तिला आधी दोन ठिकाणांहून नकार आलेला होता. काकूने इंदूरचं स्थळ काढलं. मुलगा सरकारी कचेरीत होता, नव्या राज्यात त्याचं ऑफिस भोपाळला हललेलं. त्याची आई पाहायला येणार होती.

त्या काळी मुलगी दाखवायची म्हणजे तिचं हातकामही दाखवायचं. पाटावर स्वच्छ कापड अंथरून त्यावर सगळं मांडायचं, मण्यांचं तोरण, क्रोशाचा रुमाल, भरतकामाचा पोपट. आणि हे मांडलेलं मुलीच्या हातचं असतंच असं नाही, हे मांडणाऱ्यालाही ठाऊक आणि बघणाऱ्यालाही ठाऊक. आमच्या गल्लीत एकच पोपट होता. पलीकडच्या घरातल्या एका सुनेने माहेरून आणलेला, चोचीत आंबा धरलेला. गल्लीतल्या निम्म्या मुलींची लग्नं त्या पोपटाने जमवली. लग्न जमलं की तो धुऊन, घडी करून परत जायचा. कुणाला त्यात लाज नव्हती. देवाणघेवाण म्हणायचे त्याला.

पण पोपट मागून आणायचे. माझी पट्टी कुणी मागितली नाही.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच काकूने मला धुणं देऊन राजघाटावर पिटाळलं. घरात पाणी असताना घाटावर कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, "गोधड्या आहेत, नदीवरच धू." मी गेले. ओल्या गोधड्या खांद्यावर टाकून परत आले तेव्हा पाहुणे येऊन बसलेले होते. मागच्या दाराने आत शिरले तर चुलीपाशी तपेल्यात तांदळाच्या खळीचा चिकट थर वाळत होता, आणि शेजारी निखारे भरलेला तांब्या अजून गरम होता. आमच्याकडे खळ द्यायचा आणि त्या तांब्याने इस्त्री करायची पद्धत होती. पाहुणे येणार म्हणजे लुगड्याला खळ, धोतराला खळ, टेबलावरच्या रुमालाला खळ. सुताच्या गावात कडक कापड म्हणजे अब्रू. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग खोलीत गेले तर माझी पेटी उघडी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं तर बाहेरच्या खोलीत पाटावर, पोपटाच्या शेजारी, माझी पट्टी. काकूने तिला खळ दिली होती. लोकरीला खळ. उकळत्या खळीत बुचकळून, पिळून, वरून गरम तांब्या फिरवलेला. पट्टी आकसून लहान झाली होती आणि पापडासारखी ताठ उभी होती. कपाशीचं फूल चपटं होऊन एका बाजूला ओढलं गेलं होतं. काकूला वाटलं असेल, छान कडक झाली. जन्मात लोकर हातात धरलेली नाही, मऊपणा हाच तिचा गुण असतो हे कोण सांगणार. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण विचारलं तर मग चोरी कशी होणार?

मुलाची आई, म्हणजे पुढे माझ्या सासूबाई, उंच आणि सडपातळ होत्या. त्यांनी तोरण पाहिलं, पोपटाकडे नुसती मान हलवली, आणि पट्टी उचलली. बोटाने वाजवून पाहिली. खरंच टकटक वाजली. मग ताईला विचारलं, "हे तू विणलंस?"

ताईने खाली बघून मान डोलावली.

"फूल कुठलं आहे?"

ताई म्हणाली, "सूर्यफूल."

मी दारात ओठ चावला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या कापडी पिशवीतून सुया काढल्या, सुयांवर लोकर होतीच, कुणाचं तरी अर्धं झालेलं बाळाचं स्वेटर. इंदूरच्या बायका विणतात हे काकूच्या गावीही नव्हतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "लोकरीला खळ कोण देतं? जिने ही विणली तिने खळ दिलेली नाही, आणि जिने खळ दिली तिने ही विणलेली नाही." दुसऱ्या दोन रिकाम्या सुया आणि लोकरीचा गुंडा त्यांनी ताईपुढे ठेवला. "चार टाके घाल बघू."

ताईने सुया उचलल्या. कुठली कुठल्या हातात धरायची तेही तिला कळेना. तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात काकू म्हणाली, "अहो, ती घाबरू राहिली. विणली तिनेच. खळीचं म्हणाल तर ही आमची पुतणी आहे ना वेंधळी, तिनेच सगळ्यासोबत हेही बुचकळलं असेल. हिला काही कळत नाही." आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. माझं काम चोरलं, माझं काम नासवलं, आणि आता नासवणारी मी. मी खांद्यावरच्या ओल्या गोधड्या तिथेच टाकल्या, पुढे झाले, ताईच्या हातातल्या सुया घेतल्या आणि उभ्या उभ्या टाके घातले. चार नाही, सुई भरेपर्यंत घातले. मग एक ओळ विणली, एक सुलट, एक उलट. सासूबाईंनी माझ्या सुईवरचे टाके आणि पट्टीवरचे टाके शेजारी धरून पाहिले. "हेच ते घट्ट टाके," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "आणि फूल कपाशीचं आहे."

मला नंतर पुष्कळांनी ऐकवलं की तू तेव्हा गप्प बसली असतीस तर सगळंच टळलं असतं. का बसू गप्प? माझ्या हातचं काम माझं आहे म्हणायला मी कुणाची परवानगी घ्यायची? मला आजही तसंच वाटतं आणि मी आजही तेच करीन.

पाहुणे चहा घेऊन गेले. पोह्यांच्या बश्या तशाच राहिल्या. काकूने त्यानंतर माझ्याशी बोलणं टाकलं. मला वाटलं, बरं झालं, मासीकडून दुसरी लोकर आणू, पुन्हा विणू, अजून दिवस आहेत. आणि मग इंदूरहून निरोप आला. मोठी नको, धाकटी हवी. देणंघेणं काही नको. नुसती मुलगी द्या.

घरात काय झालं ते सांगायला नको. काका बाबांशी बोलेनात. काकू मला घरभेदी म्हणाली, केसाने गळा कापला म्हणाली, शेजारणींना जमवून म्हणाली. आणि माझे बाबा, ज्यांनी मला स्वतः खंडव्याला नेतो म्हटलं होतं, ते हसत घरभर फिरत होते. सरकारी नोकरीतला मुलगा, भोपाळला क्वार्टर, हुंडा नाही. "खंडव्याला जाऊन तुला जे मिळायचं ते घरी चालून आलं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, मला खंडव्याला नवरा आणायला जायचं नव्हतं."

"मुलाखत काय, पुढच्या वर्षीही असते."

"मग लग्नही पुढच्या वर्षी करा."

ते चिडले. म्हणाले, असं स्थळ थांबत नाही. मी आईकडे पाहिलं. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मुलगा चांगला आहे असं म्हणतात." एवढंच. माझ्या बाजूने किंवा विरुद्ध, काहीच नाही. मी जेवण सोडलं, भांडले, मोठ्या बाईंना घरी बोलावून आणलं. बाबांनी त्यांना चहा दिला, मान दिला आणि हात जोडले. साखरपुडा नेमका मुलाखतींच्या आठवड्यात धरला. मुद्दाम धरला असं मी म्हणत नाही. मुलाखत कुणाच्या लक्षातच नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग आहे.

मुलगा वाईट असता तर फार बरं झालं असतं. तो तसा नव्हता. पुढे नवरा म्हणून आयुष्यभर त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नाही. म्हणूनच माझा राग कुणाला कधी कळला नाही. चांगला नवरा मिळालेल्या बाईला कसला आला आहे राग, असं सगळ्यांना वाटतं.

पट्टी सासूबाई तिथेच ठेवून गेल्या होत्या. मी ती घेऊन राजघाटावर गेले आणि पायरीवर बसून कितीतरी वेळ धूत राहिले. खळ निघाली. पण गरम खळीत आणि त्या तांब्याखाली लोकर एकमेकींत अशी चिकटून बसली होती की टाके वेगळे दिसेनात. मला ती उसवून लोकर तरी वाचवायची होती. धागा ओढला की तुटायचा. मी तशीच बसले होते आणि मागून ताई आली.

इंदूरवाले गेल्यापासून आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. ती दोन पायऱ्या वर उभी राहिली आणि म्हणाली, "तुझे बाबा तुझ्या मुलाखतीला नाही म्हणाले ना. आमच्याकडे आता उलटं चाललंय. तीन नकार झाले, आता हिला कोण करणार, निदान नोकरी तरी करू दे, असं माझे बाबा म्हणू राहिले. मोठ्या बाईंनी तुझ्या जागी माझं नाव कळवलं आहे खंडव्याला."

मी पट्टी दोन्ही हातांनी पिळत राहिले. हात मोकळे असते तर तिला पाण्यात ढकललं असतं.

ती म्हणाली, "लोकरीचं काम लागतं म्हणे. मला एक पट्टी विणून देशील?"

म्हणजे बघा. माझी पट्टी घेतली, माझी मुलाखत घेतली, आता मीच पुन्हा पट्टी विणायची आणि ती हिच्या हातची म्हणून खंडव्याला जाणार. पोपटच झाला माझा. मी तिला जे तोंडाला येईल ते बोलले. घाटावर धुणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. ती ऐकत राहिली. माझं बोलून संपलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुला खंडवा हवा होता. मला तो मुलगा आवडला होता गं. मी दारातून पाहिलं होतं त्याला, आईला सोडायला आला तेव्हा टांग्यात बसला होता. आईने पट्टी कुठून आणली ते मला आत जाईपर्यंत माहीत नव्हतं."

मला हेही ऐकायचं नव्हतं. तिच्यावर रागवायची सोय तेवढी उरली होती, तीही गेली. ती खाली येऊन माझ्या पायरीवर बसली, मध्ये ती नासलेली पट्टी. मग मी म्हटलं, "विणून देणार नाही. जायचं असेल तर स्वतः विणून जा. उद्या दुपारी इथे ये."

मासीकडे तेव्हा फक्त एक फिका हिरवा रंग उरला होता, कुणी घेत नव्हतं असा. तोच आणला. दुसऱ्या दिवसापासून मी ताईला घाटावर बसवून शिकवलं. ती फार मठ्ठ होती, खरं सांगते. टाके घातले की निसटायचे, ओळ धरली की सुटायची. मी तिच्या बोटांवर सुई मारायची. ती रडायची, मी थांबायची नाही. चुकलं की सगळं उसवायला लावायची. एकदा तिने सगळं पाण्यात भिरकावलं, मी लुगडं वर खोचून उतरले, काढून आणलं, पिळलं आणि पुन्हा तिच्या हातात दिलं. माझे टाके घट्ट, तिचे ढिले, ढगळ. मी ओरडायची, घट्ट धर, ओढ, पुढे जाऊन मुलींसमोर उभी राहणार आहेस तू. हे तिला सांगताना ती जागा माझी होती हे आठवायचं, आणि पुन्हा राग यायचा. रोज कुणीतरी घरी जाऊन सांगायचं की दोघी घाटावर भांडतात. काकूने एकदा येऊन लांबून पाहिलं आणि परत गेली.

पट्टी झाली. कडा थोड्या वाकड्या होत्या. फूल काढायला मी तिला मदत केली नाही. तिने स्वतःच काढलं, आणि कपाशीचंच काढलं.

मुलाखतीच्या दिवशी काका तिला गाडीने खंडव्याला घेऊन गेले. त्याच आठवड्यात माझा साखरपुडा झाला, आणि लग्नाची तिथी लगेचची धरली. मला हळद लागत होती तेव्हा ताई खोलीत आली. तिची निवड झाल्याचं घरात कळलं होतं. सुवासिनी माझ्या हातांना हळद लावत होत्या, काकूही त्यांत होती, लोकलाजेस्तव आलेली. ताई माझ्यासमोर पाटाजवळ बसली.

मी विचारलं, "काय विचारलं तुला?"

"तीन बायका होत्या. सगळं हिंदीत. पट्टी हातात घेऊन पाहिली. एकजण म्हणाली, इतनी सख्ती से किसने सिखाया?"

"मग?"

"मी सांगितलं, आमच्या घरच्या मास्तरणीने."

खोलीतल्या बायकांना काही कळलं नाही. काकूला कळलं. तिचा हळदीचा हात माझ्या कोपरावर तसाच थांबला. ती या शब्दावर नेहमी हसायची. त्या दिवशी हसली नाही.

मला रडू आलं असतं, पण मला रडायचं नव्हतं, त्या सगळ्यांसमोर तर नाहीच. मी ताईला म्हटलं, पट्टी दाखव. तिने पिशवीतून काढून दिली. मी हळदीच्या हातांनीच ती पाहिली, पहिल्या ओळीपासून. फुलाच्या थोडं वर एक टाका चुकला होता. मी त्यावर बोट ठेवलं. हिरव्या लोकरीवर पिवळा डाग पडला.

"इथे उलटाच्या जागी सुलट झालाय," मी म्हटलं. "तुझ्या शाळेतल्या मुलींनी असं केलं तर उसवायला लावायचं. सोडायचं नाही."